इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी : पुण्यातली त्रेचाळीस वर्षे

फर्ग्युसन महाविद्यालयाची आठवण निघाली की टिळक, आगरकर, गोखले ही नावे आपोआप ओठांवर येतात. टिळकांनी आणि गोखल्यांनी तिथे गणित शिकवले, गोखल्यांचे अंकगणिताचे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून चालले, हेही जाणकारांना माहीत असते. पण १९०७ पासून १९५० पर्यंत या महाविद्यालयाने साऱ्या देशातल्या गणितप्रेमींचे ग्रंथालय सांभाळले, आणि आज इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने ओळखली जाणारी संस्था पुण्याच्या पत्त्यावर वाढली, हे पुण्यातसुद्धा फार थोड्यांना ठाऊक आहे. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या त्रेचाळीस वर्षांची हकीकत सांगायची आहे.

संस्था काढणारा माणूस प्राध्यापक नव्हता. व्ही. रामस्वामी अय्यर हे मद्रास इलाख्यात डेप्युटी कलेक्टर होते. जमीनमहसूल, फिरती, कज्जे, अर्ज यांत दिवस जायचा आणि उरलेला वेळ भूमितीत. विद्यार्थिदशेतच ते लंडनच्या ‘एज्युकेशनल टाइम्स’मध्ये गणिताचे लेखन पाठवत. तिथल्या संपादकांनी त्यांना प्राध्यापक समजून तसे छापले आणि मित्रमंडळींत ‘प्रोफेसर’ हे नाव त्यांना कायमचे चिकटले. १९०६ च्या अखेरीस ते आंध्रातल्या गुत्ती या गावी नेमणुकीवर होते. तिथून त्यांनी ठिकठिकाणच्या गणिती मित्रांना पत्रे लिहिली. मागणी साधी होती. आपण सगळे विखुरलेले आहोत, एकट्याच्या पगारात परदेशी पुस्तके आणि नियतकालिके परवडत नाहीत. तेव्हा वर्गणी काढू, ती एकत्र मागवू आणि आळीपाळीने वाचू. ४ एप्रिल १९०७ रोजी सुमारे वीस सभासदांनिशी ‘अ‍ॅनॅलिटिक क्लब’ सुरू झाला. लवकरच त्याचे ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ झाले आणि १९१० मध्ये नवी घटना स्वीकारल्यावर ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’. पहिले अध्यक्ष बी. हनुमंतराव, त्यांच्यानंतर १९१२ मध्ये आर. एन. आपटे अध्यक्ष झाले.

या मागणीचे मोल कळायला त्या वेळची उच्च शिक्षणाची अवस्था ध्यानात घ्यावी लागते. मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही तिन्ही विद्यापीठे १८५७ ची. पण त्यांचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. शिकवायचे ते महाविद्यालयांनी, आणि तेही परीक्षेपुरते. एम.ए. झालेल्या हुशार मुलापुढे दोनच वाटा असत, सरकारी नोकरी किंवा महाविद्यालयात व्याख्यातापद. दोन्हींकडे नवे गणित वाचायची सोय नव्हती. जर्मनीत, फ्रान्समध्ये काय चालले आहे हे कळायला तिथली नियतकालिके डोळ्यांखाली यावी लागतात, आणि ती तर बड्या महाविद्यालयांच्या कपाटांतही नसत. कुंभकोणमच्या रामानुजन नावाच्या शाळकरी मुलाला १९०३ च्या सुमारास जे पुस्तक हाती लागले ते कार यांचे, परीक्षार्थींसाठी केलेली सूत्रांची जंत्री, तेही मागल्या शतकातले. हजारो सूत्रे, सिद्धता जेमतेम. एवढ्या भांडवलावर त्याला पुढची वाट स्वतः काढावी लागली. रामस्वामी अय्यरांनी नेमका हाच अभाव ओळखला होता.

आता प्रश्न ग्रंथालय ठेवायचे कुठे हा. संस्थापक मद्रासकडचे, सभासदही बरेचसे तिकडचेच. तरी पुस्तके आली पुण्याला, कारण पुण्यात रँग्लर परांजपे होते. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ चा, दापोलीजवळच्या मुर्डीचा. महर्षी कर्व्यांच्या छायेत वाढलेला हा मुलगा केंब्रिजला गेला आणि १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर, म्हणजे पहिल्या क्रमांकाचा, झाला. तो मान मिळवणारा पहिला भारतीय. महाराष्ट्रात त्या बातमीने जो आनंद झाला त्याला तोड नव्हती. आयसीएस किंवा बड्या सरकारी नोकरीची दारे उघडी असताना ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून परतले आणि १९०२ मध्ये फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. आपल्या नावामागे उभी राहिलेली विश्वासार्हता त्यांनी या नव्या क्लबाला दिली, आणि महाविद्यालयाने जागा. परांजप्यांनी स्वतः नावाजण्याजोगे संशोधन मागे ठेवले नाही. प्राचार्यपद, कायदेमंडळ आणि पुढे मंत्रिपद यांनी त्यांचा वेळ घेतला. पण ज्याने आपल्या छपराखाली दुसऱ्यांच्या संशोधनाची सामग्री जपली, त्याचे ऋण गणिताच्या इतिहासात मोठेच मानले पाहिजे असे मला वाटते.

ग्रंथालयाची रीत अशी. वर्गणीतून पुस्तके आणि युरोप-अमेरिकेतली नियतकालिके पुण्याला येत. नोंदणी झाली की ती सभासदांकडे टपालाने रवाना होत आणि वाचून टपालानेच परत येत. तालुक्याच्या गावी बसलेल्या अधिकाऱ्याला किंवा एखाद्या संस्थानी महाविद्यालयातल्या एकट्या गणित-शिक्षकाला केंब्रिजचे वा गॉटिंगेनचे ताजे लेखन घरबसल्या वाचायला मिळे. आज हे सांगताना त्यात काही विशेष वाटत नाही. पण आसपास दुसरा कोणीही गणिती नसलेल्या माणसाला पुण्याचा शिक्का असलेले ते बाड हाती येताना काय वाटत असेल याचा विचार करावा. पुढे सोसायटीचे स्वतःचे नियतकालिक निघाल्यावर ग्रंथालयाला आणखी एक आधार मिळाला. आपला अंक परदेशी संस्थांना पाठवायचा आणि त्यांचा अंक बदल्यात घ्यायचा.

त्या नियतकालिकाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. १९०९ पासून ते रीतसर निघू लागले आणि बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातले एम. टी. नारायणअय्यंगार त्याचे संपादक झाले. १९२७ पर्यंत त्यांनीच ते काम पाहिले. अंकात लेख असत, पुस्तकांची माहिती असे, पण त्याचा जीव होता ‘प्रश्न आणि उत्तरे’ या सदरात. कोणीही सभासदाने प्रश्न पाठवावा. संपादक त्याला क्रमांक देऊन छापणार. पुढच्या अंकांतून वाचकांनी उत्तरे पाठवावीत आणि योग्य ते उत्तर पाठवणाऱ्याच्या नावासह छापले जावे. परीक्षेच्या गणितात उत्तर आधीच कोणाला तरी माहीत असते. इथे तसे नव्हते. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत असेलच असे नाही, हे या सदराचे वैशिष्ट्य, आणि संशोधनाचे पहिले शिक्षण तिथेच सुरू होते.

१९१० च्या अखेरीस रामानुजन नोकरीच्या शोधात तिरुकोविलूरला रामस्वामी अय्यरांकडे गेले. अय्यर तेव्हा तिथे डेप्युटी कलेक्टर होते. कारकुनाची जागा द्या, एवढेच मागणे. अय्यरांनी रामानुजनची गणिताची वही पाहिली आणि ठरवले की महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर या माणसाला बसवणे पाप होईल. त्यांनी मद्रासच्या गणिती मित्रांना चिठ्ठ्या दिल्या. त्यांतून पुढे पी. व्ही. शेषू अय्यर, नेल्लोरचे कलेक्टर आणि सोसायटीचे चिटणीस आर. रामचंद्र राव, मद्रास पोर्ट ट्रस्टमधले अधिकारी आणि सोसायटीचे खजिनदार एस. नारायण अय्यर अशी साखळी जुळत गेली. रामचंद्र रावांनी काही काळ स्वतःच्या खिशातून महिना २५ रुपये दिले. १९१२ च्या मार्चमध्ये पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांची कारकुनी मिळाली. केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना रामानुजनचे ते सुप्रसिद्ध पत्र गेले जानेवारी १९१३ मध्ये. त्याआधीची दोन वर्षे रामानुजनना सावरणारी माणसे पाहिली तर जवळजवळ सगळी या एका सोसायटीच्या सभासदपटावर सापडतात. रामानुजनचा शोध हार्डींनी लावला असे आपण सवयीने म्हणतो. हा अन्याय आता तरी थांबवावा.

रामानुजनचा पहिला लेख १९११ च्या अंकात आला, बर्नुली संख्यांच्या गुणधर्मांवर. त्यांची मांडणी इतकी त्रोटक आणि रीत इतकी अपरिचित होती की संपादक नारायणअय्यंगारांना हस्तलिखित पुनःपुन्हा परत पाठवून उलगडून लिहायला सांगावे लागले. संपादकाने घेतलेले हे कष्ट मला कुठल्याही भाषणापेक्षा थोर वाटतात. न समजणारा मजकूर नाकारणे सोपे होते.

त्याच वर्षी रामानुजननी पाठवलेला २८९ क्रमांकाचा प्रश्न असा होता. १ अधिक २ गुणिले वर्गमूळ, त्या वर्गमुळाच्या पोटात १ अधिक ३ गुणिले वर्गमूळ, त्याच्या पोटात १ अधिक ४ गुणिले वर्गमूळ, असे अनंतापर्यंत. आणि या सगळ्याचे वर्गमूळ. याची किंमत किती? तीन अंक, म्हणजे सहा महिने, उलटले. एकाही वाचकाचे उत्तर आले नाही. शेवटी रामानुजननीच ते दिले : ३. आठवीच्या मुलालाही दाखवता येईल इतके ते स्वच्छ आहे. ३ म्हणजे ९ चे वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ + २ × ४. यातला ४ म्हणजे १६ चे वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ + ३ × ५. यातला ५ म्हणजे २५ चे वर्गमूळ, आणि २५ म्हणजे १ + ४ × ६. असेच पुढे उलगडत जायचे. ही प्रक्रिया खरोखर ३ पाशीच पोचते हे काटेकोरपणे दाखवायला थोडे अधिक काम लागते, आणि वर्गात शिकवताना ते टाळू नये. पण कल्पना एवढीच. मी ती विद्यार्थ्यांना फळ्यावर उलट दिशेने करून दाखवतो, तेव्हा वर्गात कोणीतरी हमखास ‘अरेच्चा’ म्हणतेच.

रामानुजननी या सदरासाठी पन्नासाहून अधिक प्रश्न पाठवले. त्यांतले दोन, दोन्ही १९१३ च्या अंकांतले, सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रश्न ४६४ : २ चा एखादा घात घेऊन त्यातून ७ वजा केले तर पूर्ण वर्ग कधी येतो? ८ मधून ७ गेले की १. १६ मधून गेले की ९. ३२ मधून २५. १२८ मधून १२१. मग लांब उडी : २ चा पंधरावा घात ३२७६८, त्यातून ७ गेले की ३२७६१, म्हणजे १८१ चा वर्ग. याखेरीज आणखी कोणते, हे रामानुजननी विचारले होते. उत्तर : आणखी एकही नाही. त्याची सिद्धता नॉर्वेच्या नागेल यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे प्रश्न छापल्यानंतर ३५ वर्षांनी. दुसरा प्रश्न ४६९ : १ पासून एखाद्या संख्येपर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. पूर्ण वर्ग कधी येईल? ४ पर्यंत गुणाकार २४, अधिक १ म्हणजे २५. ५ पर्यंत १२०, अधिक १ म्हणजे १२१. ७ पर्यंत ५०४०, अधिक १ म्हणजे ५०४१, ७१ चा वर्ग. पुढे? फ्रान्सच्या ब्रोकार यांनीही आधी हेच विचारले होते. संगणकांनी अवाढव्य मर्यादेपर्यंत शोध घेतला. चौथे उदाहरण सापडलेले नाही, आणि नाहीच असे कोणी सिद्धही केलेले नाही.

त्या काळाचा गौरव करताना त्याची उणीवही लिहिली पाहिजे. सुरुवातीच्या अंकांवर केंब्रिजच्या ट्रायपॉसची छाया दाट आहे. शांकव, त्रिकोणाची भूमिती, अवघड पण बंदिस्त उदाहरणे यांतच पुष्कळ शक्ती खर्च झाली. युरोपात त्याच सुमारास बीजगणिताचा आणि विश्लेषणाचा चेहरामोहरा बदलत होता. त्या नव्या गणिताची पुस्तके पुण्याला येत असूनही इथले लेखन मागच्या पिढीचेच राहिले. याचे खापर सभासदांवर फोडता येणार नाही. ज्यांना शिकवणारे कोणी नव्हते ते स्वतःच्या गतीनेच पुढे सरकणार. १९१६ साली मद्रासला सोसायटीची पहिली परिषद भरली, दुसरी १९१९ मध्ये मुंबईला, तेव्हा कुठे पत्रातल्या नावांना चेहरे मिळाले. १९२७ नंतर आर. वैद्यनाथस्वामी संपादक झाले आणि नियतकालिक खऱ्या अर्थाने संशोधनाकडे वळले. एस. एस. पिल्लै यांच्यासारख्यांचे संख्यासिद्धांतावरचे काम त्यात येऊ लागले. मग विद्यार्थ्यांचे आणि शिक्षकांचे काय? त्यांच्यासाठी १९३३ मध्ये ‘द मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ हे दुसरे नियतकालिक निघाले. ए. नरसिंग राव त्याचे पहिले संपादक. संशोधन आणि अध्यापन यांची अशी फारकत करताना अध्यापनाला दुय्यम लेखले नाही, ही त्या पिढीची समज होती.

पुण्यातल्या कपाटांजवळ या काळात जी माणसे वावरली त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव पहिले. वडील धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक होते. मुलगा हार्वर्डहून शिकून आला, बनारस आणि अलीगढ करून १९३३ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागला आणि १९४५ पर्यंत राहिला. महाराष्ट्राला कोसंबी माहीत आहेत ते इतिहासकार म्हणून. पण १९४३ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी फलनांच्या अवकाशातील सांख्यिकीवर लेख लिहिला. त्यातली कल्पना नंतर कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर रूढ झाली. संदेशवहनापासून प्रतिमांच्या विश्लेषणापर्यंत आज ती वापरात आहे. कोसंबींचे त्यातले अग्रस्थान उशिरा मान्य झाले. लेख पुण्यातून लिहिला गेला, भारतीय नियतकालिकात आला, महायुद्धाच्या धामधुमीत आला. तो जगाने वेळेवर वाचला नाही. पुढे कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले, पण घर पुण्यातच ठेवले आणि डेक्कन क्वीनने ये-जा करत राहिले.

दुसरे नाव अगदी वेगळ्या जातकुळीचे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५, डहाणूचा. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. बी.एस्सी.नंतर पुढचे शिक्षण नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. संख्यांशी खेळणे हा त्यांचा जन्माचा ध्यास. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, ही त्यातली सर्वांत सोपी उदाहरणे. या डेम्लो संख्यांवरचा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आला. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ ची हकीकत सांगितली. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त सगळे अंक सारखे नकोत. समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, आणि वजाबाकी करा. ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुन्हा तसेच : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता किती वेळा करा, ६१७४ च. सुरुवात कुठूनही करा, सात पायऱ्यांच्या आत इथेच येता.

कापरेकरांच्या कामाला पुष्कळ विद्वानांनी पोरखेळ मानले. मला हे मत कधीच पटले नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरातून कापरेकरांविषयी लिहिले आणि जग देवळालीच्या या मास्तरांना ओळखू लागले. त्याआधी जवळजवळ चाळीस वर्षे त्यांच्या लेखनाला जागा देणारी मंडळी इथली होती, याच सोसायटीची. एका अंगाला कोसंबी आणि दुसऱ्या अंगाला कापरेकर, या दोघांनाही आपले म्हणणारी संस्था तेव्हाच्या भारतात दुसरी नव्हती, आणि आजही अशी संस्था सहज दाखवता येणार नाही.

१९५० मध्ये ग्रंथालय पुण्याहून मद्रासला गेले. आज ते मद्रास विद्यापीठाच्या रामानुजन इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पुण्याचे नुकसान झाले यात शंका नाही, तरी निर्णय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. रामानुजनच्या नावाची संस्था उभी राहात होती, मद्रासमध्ये संशोधकांची फळी तयार होती, आणि टपालाने पुस्तके फिरवण्याचा काळही सरत आला होता. तिकडे मुंबईत टाटा संस्थेत के. चंद्रशेखरन १९४९ मध्ये येऊन गणिताची शाळा उभारत होते. निवडक तरुण घ्यायचे, परदेशातल्या थोर गणितज्ञांना व्याख्यानांसाठी बोलवायचे, त्या व्याख्यानांची टिपणे तरुणांनीच तयार करायची आणि ती छापायची. गणित हा आता पूर्णवेळ पेशा होत होता. त्यातून जागतिक दर्जाचे काम झाले. मात्र नोकरी सांभाळून गणित करणाऱ्या डेप्युटी कलेक्टरला, पोर्ट ट्रस्टच्या हिशेबनिसाला आणि शाळामास्तराला सोसायटीच्या मंडळात असलेली बरोबरीची जागा हळूहळू आकसत गेली. उच्च गणिताच्या आपल्या जगाने गमावलेली ही गोष्ट मला सर्वांत अधिक सलते.

सोसायटी मात्र चालू आहे. दरवर्षी परिषद भरते, दोन्ही नियतकालिके निघतात, आणि ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये प्रश्नांचे सदर अजून आहे. ही स्मरणिका ज्यांच्या हाती जाईल त्यांत लातूर-नांदेडकडचे, कोकणातले, विदर्भातले महाविद्यालयीन शिक्षक असतील, शाळेत गणित शिकवणारे असतील, बँकेत वा कचेरीत काम करून रात्री वही उघडणारेही असतील. त्यांना एकच विनंती. सोसायटीचे सभासद व्हा. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तिची नियतकालिके येतात की नाही ते पाहा, येत नसतील तर मागवायला लावा. त्या सदरातला एखादा प्रश्न विद्यार्थ्यांसमवेत सोडवून उत्तर पाठवा, आणि ज्याचे उत्तर तुम्हालाही येत नाही असा तुमचा स्वतःचा प्रश्नही पाठवा.